हलकं चाक, कडक क्लच

तोरणमाळच्या घाटात, वरून तिसऱ्या वळणावर, माझ्या गाडीचं इंजिन ओरडायला लागलं. गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळत होती. पेडल दाबलं की काटा चार हजारांवर जायचा आणि वेग काही वाढायचा नाही. मग वास आला. क्लच प्लेट जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. मी नंदुरबारला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवते. दर वर्षी प्लेट घसरणे म्हणजे काय हे फळ्यावर आकृती काढून सांगते. स्वतःच्या गाडीत मात्र ते पहिल्यांदाच अनुभवत होते.

कडेला थांबले, बॉनेट उघडून अर्धा तास बसले आणि वर न जाताच गाडी वळवली. उतारावर क्लचचं काम कमी असतं. शहाद्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आणि तिथून पुढे तीसच्या वेगाने घरी आले. रविवार होता. घरी आल्यावर आबांनी दारातूनच नाक वर केलं.

"प्लेट गयी," ते म्हणाले.

"हो."

"मास्तरले फोन करना पडी. उद्या सोमवार शे."

आबा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं लाल बस चालवून निवृत्त झालेले. त्यांतली चौदा वर्षं त्यांच्या गाडीवर एकच कंडक्टर होते. बसवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे आबा त्यांना मास्तर म्हणत आणि ते आबांना डायवर. मास्तर खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरचे. घरी ते मावची बोलत, आमच्याशी अहिराणी आणि तिकीट काढताना मराठी, असं आबा सांगायचे. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या किडन्या निकामी झाल्या. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी नंदुरबारला यावं लागे. मुलगा सुरतेला कारखान्यात, घरी बायको एकटी. आबांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं की आणणं-नेणं आपण करायचं. सकाळी खांडबाऱ्याला जायचं, मास्तरांना दवाखान्यात सोडायचं, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं, पुन्हा घरी पोचवून परत यायचं.

गाडी माझ्या नावावर होती. बारा वर्षांची जुनी, छोटी, पेट्रोलवरची, सोनगडच्या एका दाताच्या डॉक्टरकडून घेतलेली. मी कामावर स्कूटीने जायची. म्हणजे सोमवार-गुरुवार गाडी आबांची आणि रविवार माझा, अशी वाटणी आपोआप झाली होती. तरी मनात मी तिला माझीच गाडी समजत होते. पुढे जे झालं त्याला हे समजणंच कारणीभूत होतं.

क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. दिवसभराचं काम. आणि एकदा गिअरबॉक्स उतरला की आतलं फ्लायव्हील समोर येतं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला बसवलेलं बिडाचं जड चाक. इंजिनचे धक्के ते पोटात घेतं आणि त्याला फिरतं ठेवतं. ते जड असेल तर इंजिन सावकाश चढतं, सावकाश उतरतं, पण सहजी बंद पडत नाही. हलकं असेल तर इंजिन पाय हलताच उसळी घेतं, गिअर बदलताना चटकन खाली येतं, आणि क्लच सोडताना जरा चुकलं की गप्पकन बंद पडतं. हे सगळं मला पाठ होतं. आणि वर्षभरापासून मला हलकं फ्लायव्हील हवं होतं.

त्याचं कारण धुळ्याजवळच्या एका माळावर होतं. तिथे हौशी लोक मातीच्या आखलेल्या रस्त्यावर एकेक गाडी सोडून तिचा वेळ मोजायची स्पर्धा घेत. आदल्या हिवाळ्यात मी तिथे गेले होते. अकरा गाड्यांत दहावी आले. अकरावा होता त्याचं टायर फुटलं होतं. मला हसू आलं नाही. वळणातून बाहेर पडताना माझं इंजिन जागं व्हायला वेळ घेत होतं आणि तेवढ्यात सेकंद निघून जात होते. मला मूल नाही, लग्न मोडल्याला सहा वर्षं झाली होती, आणि माझ्या हाताने मी काहीतरी वेगात करू शकते ही भावना मला त्या माळावर बऱ्याच दिवसांनी भेटली होती. म्हणून प्लेट जळाली तेव्हा मला वाईट कमी वाटलं. संधी आली असंच वाटलं.

पहिल्यांदा मी लेथवाल्याकडे गेले. आमच्या गावातले सगळ्यांत जुने लेथवाले, साठीच्या पुढचे, उसाच्या चरकापासून ट्रॅक्टरच्या शाफ्टपर्यंत सगळं घडवणारे. माझा विचार साधा होता. जुनंच फ्लायव्हील त्यांच्याकडून मागून आणि कडेने कापून घ्यायचं, दोन-अडीच किलो वजन उतरवायचं. नवीन मागवण्यापेक्षा हे लवकर होणार होतं.

त्यांनी लेथ बंद केली आणि हात पुसले.

"कापीसन देस मी. पण हाई बीड शे, ताई. पोलाद नही."

"दोन किलोच उतरवायचं. मधला भाग तसाच राहू द्या."

"किती फिरस हाई चाक? मिनिटले पाच हजार? सहा?"

"सहा."

ते उठून मागच्या फळीकडे गेले आणि एक तुकडा घेऊन आले. तळहाताएवढा, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खडबडीत, साखरेसारखा दाणा दिसणारा. कुणाच्या तरी जीपचं फ्लायव्हील त्यांनी स्वतः हलकं करून दिलं होतं. चार महिने चाललं. मग एके दिवशी रस्त्यात फुटलं. तुकडा गाडीचा पत्रा फाडून आत घुसला आणि चालवणाऱ्याचा उजवा पाय घोट्याखाली गेला. तो माणूस नंतर हा तुकडा त्यांना देऊन गेला. रागावला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. फक्त टेबलावर ठेवून गेला.

"बीड तडकाच्या पहिले काही सांगत नही," ते म्हणाले. "पोलादनं घडेल चाक मागाड. नही तर जुनंच ठेव."

मी तुकडा हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. पुढच्या वर्षापासून वर्गात दाखवायला तो मागायचा असं मनात आलं, पण मागितला नाही.

मग मी पुण्याहून पोलादाचं घडीव फ्लायव्हील मागवलं. तिथल्या दुकानदाराने फोनवर विचारलं, क्लच साधा हवा की कडक? कडक म्हणजे ज्याची प्रेशर प्लेट क्लच प्लेटला जास्त जोराने दाबून धरते. ती घसरत नाही, पण पेडल जड होतं. मी म्हटलं, कडक. घाटातला वास अजून नाकात होता.

आमचा मेकॅनिक दोंडाईचा रस्त्याला, मिरचीच्या पथारीला लागून. पौष होता. पलीकडे एकरभर जमिनीवर लाल मिरची वाळत पडलेली आणि तोंडाला ओढणी बांधलेल्या बाया ती पायाने उलटत चाललेल्या. त्याच्याकडे काम करताना दर दहा मिनिटांनी कुणीतरी शिंकतं. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, हात फार स्वच्छ आणि बोलणं थोडं. त्याने दोन्ही खोकी उघडून माल फरशीवर मांडला आणि कडक प्लेट उचलून पाहिली.

"मॅडम, इंजिन तर जुनंच शे ना?"

"हो."

"ताकद वाढावणार नही?"

"नाही."

"मग एवढी कडक प्लेट कशाले? कंपनीची प्लेट पुरस."

"कंपनीचीच तर जळाली."

"ती घसाई गयती. बारा वर्ष चालनी." मग त्याने विचारलं, "हाई गाडी कोण कोण चालाडस?"

"मी," मी म्हटलं.

हा प्रश्न आणि हे उत्तर मला आजही जसंच्या तसं आठवतं. मी खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे धुळ्याचा माळ होता आणि गाडीत मी एकटी होते.

जुनं आणि नवं फ्लायव्हील आम्ही शेजारच्या मिरचीच्या काट्यावर तोललं. जुनं पावणेसात किलो, नवं साडेतीन. पथारीवाला व्यापारी म्हणाला, अर्धं झालं की, बाकीचं कुठे गेलं? मेकॅनिकने नवे बोल्ट लावले, पान्याला आकडा लावून एकेक बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला. मी शेजारी उभी राहून मोजत होते. त्याचं काम बघण्यासारखं होतं.

संध्याकाळी गाडी चालवून घरी आणली. पहिल्यांदा क्लच सोडला आणि गाडी धक्का देऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा थोडं जास्त पेट्रोल दिलं आणि निघाली. पण निघाल्यावर! तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन शिटी वाजवल्यासारखं वर जायचं. मी पाताळगंगेच्या पुलापर्यंत उगाच दोनदा जाऊन आले. पेडल जड होतं खरं, डाव्या पायाला जिममधल्या मशीनसारखं लागत होतं. मला ते आवडलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना मी अंगणात सगळं समजावलं. पेट्रोल जरा जास्त द्या, क्लच हळू सोडा, बंद पडली तर घाबरू नका. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला मी घाबरू नका म्हणाले. त्यांनी मान हलवली. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा ते गेले.

तीन आठवड्यांनी स्पर्धा झाली. मी पाचवी आले. पहिल्या पाचात आलेली मी एकटीच बाई होते आणि एका वळणावरून बाहेर पडताना लोकांनी टाळ्या वाजवलेल्या मला आत ऐकू आल्या. घरी येताना सोनगीरला थांबून एकटीनेच चहा घेतला आणि फार दिवसांनी कुणालातरी फोन करून सांगावंसं वाटलं. आबांनाच केला. "बेस झालं," ते म्हणाले. एवढंच.

त्यानंतर किती दिवसांनी ते माझ्या लक्षात आलं, नक्की सांगता येत नाही. आबा माझ्याहून चांगले वीतभर उंच. ते गाडी चालवून आले की सीट मागे सरकलेली असे आणि रविवारी ती पुढे घेणं हे माझं पहिलं काम असे. एका रविवारी मी बसले आणि पाय थेट पेडलवर गेला. मागच्या रविवारीही तसंच झालं होतं, हे तेव्हा आठवलं. त्याच्याही मागच्या रविवारी मी धुळ्याला गेले होते, तेव्हाचं आठवेना.

आबांना विचारलं. ते पेपर वाचत होते.

"मास्तर आते रेल्वेवरी येस," ते पेपरातून वर न बघता म्हणाले. "त्याले तेच सोयनं पडस."

मी ऐकून घेतलं. खांडबाऱ्याला स्टेशन आहे, गाड्या आहेत, माणूस रेल्वेने येऊ शकतो. मला शंका आली नाही असं नाही. पण शंका घेण्याचा त्रास मी घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी परीक्षेचे पेपर पार्सलने पाठवायचे होते म्हणून मी दुपारी स्टेशनवर गेले. आयटीआयची खोकी होती, त्यामुळे त्या दिवशी गाडी घेतली होती. फलाटावर नळाजवळच्या बाकावर मास्तर बसलेले दिसले. डाव्या दंडाला पट्टी, डोक्याला रुमाल, बाजूला पिशवी. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा दिसतो. त्यांची गाडी सुटायला अजून सव्वा तास होता आणि ते दवाखान्यातून तिथे कधीचे येऊन बसले होते.

"चला, मी सोडते," मी म्हटलं.

"नको पोरी. तिकीट काढेल शे."

"चला."

ते उठले. उठायला त्यांना माझा हात लागला. गावाबाहेर पडल्यावर मी सरळ विचारलं की आबांनी आणणं का बंद केलं.

"त्यास्नी नही. मी बंद करं," ते म्हणाले.

"का?"

मग त्यांनी सांगितलं. एका सोमवारी मोठ्या चौकात गाडी बंद पडली. आबांनी चालू केली, पुन्हा पडली. मागे रिक्षा, ट्रॅक्टर, सगळे हॉर्न वाजवायला लागले. तिसऱ्यांदा पडली तेव्हा एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, ओ बाबा, येत नही तर कशाले चालाडस? आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. त्यांचा डावा पाय थरथरत होता, गुडघ्यापासून खाली, आणि मग एक हात खाली घेऊन ते तो दाबून धरायला बघत होते.

"चौदा वर्ष मी त्यास्ना मांगे घंटी वाजाडी," मास्तर म्हणाले. "पॅसेंजर बठेल असताना इंजिन बंद पडेल मी एकदा बी पाह्यं नही. मोलगीना घाटमा नही, पुरना पाणीमा नही. त्या दिनले घर पोचेपर्यंत ते बोलनात नही. मग मी म्हनं, डायवर, माले रेल्वे बरी पडस. ते म्हनेत, बरं. दोन्हीस्ले माहीत व्हतं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"ते म्हनेत, पोरीले सांगू नको. तिनी हौसनी गाडी शे."

मी त्यांना घरापर्यंत सोडलं. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, चहा नको म्हटलं तरी केला. परत येताना मी काय विचार करत होते ते मला नीट आठवत नाही. विसरवाडीच्या फाट्यावर एकदा गाडी बंद पडली, एवढं आठवतं.

संध्याकाळी आबांसमोर बसले. मास्तर भेटल्याचं सांगितलं. पहिल्यांदा ते मास्तरांवरच चिडले. "त्याना पोटमा काही ऱ्हास नही!"

"उद्या सगळं काढून टाकते," मी म्हटलं. "जुनं फ्लायव्हील आहे अजून. साधा क्लच घालते."

"काही काढू नको."

"का?"

"गाडी खराब नही शे. माले येत नही." त्यांना हे म्हणायला किती जड गेलं ते मला दिसत होतं, पण त्यांनी ते सरळ म्हटलं. "येत नही ते शिकनं पडस. रविवारले माळवर चाल."

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पथारीच्या मागच्या मोकळ्या माळावर गेलो. मिरचीचा हंगाम संपत आला होता, जमीन नुसतीच लालसर राहिलेली. आबांनी सीट मागे घेतली, आरसा नीट केला. मी शेजारी बसले. त्यांच्या शेजारी बसायची वेळ माझ्यावर बऱ्याच वर्षांनी आली होती. त्यांना चालवताना मी लहानपणी पाहिलं होतं, तेही बसच्या दाराजवळच्या सीटवरून.

पहिली पंधरा मिनिटं गाडी बंद पडतच होती. मी काही सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. मग ते ऐकायला लागले. खरोखर ऐकत होते, मान एका बाजूला कलती करून. इंजिन कुठे उसळतं, कुठे बुडतं, क्लच नेमका कुठे धरतो. विसाव्या की पंचविसाव्या वेळी गाडी निघाली, धक्का न देता. मग पुन्हा थांबवून पुन्हा निघाली. मला जे जमवायला तीन दिवस लागले होते ते त्यांनी पाऊण तासात केलं. माझ्यापेक्षा चांगलं केलं, हेही लिहायला हवं. माझी गाडी निघताना आजही थोडी डोलते.

आणि मग ते थांबले. गाडी न्यूट्रलला टाकली, डावा पाय बाहेर काढून दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले. पॅन्टवरूनही गुडघा सुजलेला कळत होता.

"चाक शिकता येस," ते म्हणाले. "गुडघाले काय शिकाडू?"

मी त्यांच्या जागी जाऊन बसले आणि हाताने क्लचचं पेडल दाबून पाहिलं, पायाने नाही. तळव्याने दाबलं तर अर्ध्यावरच मनगट दुखायला लागलं. महिना-दीड महिना मी ही गाडी चालवत होते आणि पेडल दुखऱ्या पायाला किती जड जाईल हे मला माझ्या पायाने कधी कळलं नव्हतं, कारण माझा पाय अडतीस वर्षांचा होता. मी दोन गोष्टी एकच समजून घेतल्या होत्या. फ्लायव्हील ही चालवणाऱ्याच्या सवयीची गोष्ट होती आणि प्रेशर प्लेट त्याच्या अंगाची. आबांनी एका वाक्यात ती वेगळी केली. मेकॅनिकने तर पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं.

सोमवारी मी त्याच्याकडे गेले.

"कंपनीची साधी प्लेट घाल," मी म्हटलं. "फ्लायव्हील राहू दे."

का, असं त्याने विचारलं नाही. खोकं फळीवर तयारच होतं. "मन्हाकडे पहिलाच दिनथीन ठेयेल शे," तो म्हणाला आणि जॅक आणायला गेला. मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज मात्र वाटली. मी रजा टाकली आणि दिवसभर त्याच्या हाताखाली काम केलं. गिअरबॉक्स खालून धरायला दोन माणसं लागतात.

साध्या प्लेटने क्लच पुन्हा घसरेल ही माझी भीती होती. घसरला नाही. आठवड्याने मी मुद्दाम तोरणमाळला गेले, चौघांना बसवून, आणि थेट वर तलावापर्यंत चढले. कुठेही वास आला नाही. जुन्या इंजिनच्या ताकदीला जुन्या जोराची प्लेट पुरत होती. मी घातलेल्या कडक प्लेटची गरज कधीच नव्हती. वर्गात मी हे गणित दर वर्षी सोडवून देते.

आबा पुढच्या गुरुवारी खांडबाऱ्याला गेले. मास्तर पहिल्यांदा यायला तयार नव्हते, तिकीट काढलंय म्हणाले. आबा त्यांच्या अंगणात गाडी चालू ठेवून बसून राहिले. शेवटी मास्तर येऊन बसले आणि त्यांनी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक केलं. दोन घंट्या म्हणजे चला. हे मास्तरांनीच मला नंतर सांगितलं, आबा असलं काही सांगत नाहीत. चौकात आले तेव्हा दोघेही गप्प होते, असंही ते म्हणाले. सिग्नल सुटला, गाडी निघाली, आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत एकदाही बंद पडली नाही.

पावसाळ्यानंतर मास्तरांची सोय नवापूरला झाली, घराच्या जवळ. आता त्यांना शेजारचा एक जण मोटारसायकलवर नेऊन आणतो. आबांचे दोन दिवस एकदम रिकामे झाले. ते महिना-दीड महिना कुठे गेले नाहीत, ओट्यावर बसून असायचे. मग मधूनच एखाद्या गुरुवारी मास्तरांना भेटायला म्हणून नवापूरला जाऊन यायचे आणि तिथल्या बाकावर चार तास बसायचे.

यंदाच्या हिवाळ्यात धुळ्याची स्पर्धा पुन्हा लागली, तेव्हा आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मी येऊ का?" मी हो म्हटलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दोरीच्या मागे, धुळीत, रुमाल नाकाला लावून उभे राहिले. माझ्या तीन फेऱ्या त्यांनी पाहिल्या, बाकीच्यांच्याही पाहिल्या, आणि मधल्या वेळात एका पोराला त्याचा हँडब्रेक का धरत नाही ते समजावून सांगत होते. मी सहावी आले. गेल्या वेळेपेक्षा एक खाली, पण वेळ गेल्या वेळेपेक्षा कमी लागला होता. चांगल्या गाड्या जास्त आल्या होत्या.

परतताना गाडी त्यांनीच चालवायला घेतली. सोनगीर ओलांडल्यावर मी विचारलं, कसं वाटलं?

पुढे कापसाचा ट्रक होता, तो आधी त्यांनी ओलांडला.

"वळणमा तुन्हा पाय क्लचवर ऱ्हास," ते म्हणाले. "गरज नसताना. तो काढ. बाकी बरं शे."

मी हो म्हटलं आणि सीट थोडी मागे टेकवून डोळे मिटले. चिमठाण्याला त्यांनी भजी खायला गाडी थांबवली.